चोवीस इंची बार

माझ्या दुकानात येणारा पुरुष आधी विचारतो, "मालक कुठे आहेत?" मग विचारतो, "सगळ्यात मोठा बार कितीचा आहे?" मालक मीच आहे हे ऐकल्यावर त्याचा चेहरा अर्धा पडतो, आणि सगळ्यात मोठा बार तुमच्या मशीनला चालणार नाही हे ऐकल्यावर उरलेला अर्धा. बारा वर्षं मी हे चेहरे बघतेय. आता त्यांची कीवसुद्धा येत नाही.

दुकान जोगेश्वरीला, फर्निचरवाल्यांच्या रस्त्याला लागून. दहा बाय बाराचं. चेनसॉ, म्हणजे साखळीने लाकूड कापायची मशीन, तिच्या चेनी, बार आणि सुटे भाग मी विकते, धार लावते, बिघडलेल्या मशीन खोलते. दुकान मूळचं माझ्या वडिलांचं. ते साताऱ्याकडून मुंबईत आले, एका वखारीत करवतींना धार लावायला बसले आणि पुढे स्वतःचं काउंटर टाकलं. मी कॉलेज झाल्यावर एका ऑफिसात चिकटले होते. वडिलांना अंधुक दिसायला लागलं तेव्हा संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसायला लागले, आणि सहा महिन्यांत ऑफिस सोडलं. ऑफिसात माझ्यावर हुकूम सोडणारे लोक मला मूर्ख वाटायचे, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. दुकानात निदान तोंडावर सांगता येतं.

काम काही फार अवघड नाही, म्हणून तर लोकांचा जास्त राग येतो. बार म्हणजे मशीनच्या पुढे आलेली ती लांब लोखंडी पट्टी, जिच्या कडेने चेन फिरते. चेनच्या कड्या एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, त्याला पिच म्हणतात. चेन सरळ धरायची, लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. साडेसोळा मिलीमीटर भरलं तर सव्वाआठचा पिच. एकोणीस भरलं तर साडेनऊचा. मशीनच्या आत जे दातेरी चाक चेन ओढतं ते ज्या पिचचं, चेनही त्याच पिचची. यात कोणाचं मत विचारलेलं नाही. बारची लांबी ठरवायला दोनच गोष्टी बघायच्या: लाकूड किती जाड आणि इंजिनात किती दम. लाकडापेक्षा बार दोनेक इंच लांब असला की पुरे. इंजिन लहान आणि बार मोठा असेल तर चेन रडत फिरते, टोकापर्यंत तेल पोचत नाही, आणि पुढचं वजन हाताला खाली ओढतं. चौथीतल्या मुलाला हे सांगितलं तर समजेल. माझ्या गिऱ्हाइकांना समजत नाही.

कर्जतला जागा घेतलेला एक डॉक्टर यायचा. त्याला वीस इंची बार हवा होता. कापायचं काय, तर शेवग्याच्या फांद्या. मी म्हटलं, "डॉक्टर, त्या हाताने मोडतात." तो रागावून गेला तो गेलाच. दुसऱ्या एकाने मोबाइलवर फोटो दाखवला: बर्फात उभा असलेला दाढीवाला गोरा माणूस, हातात भलीमोठी मशीन. म्हणाला, "अशी द्या." त्याच्याकडे बर्फ नव्हता, दाढी नव्हती, कांदिवलीत सोसायटीच्या मागे पेरूची दोन झाडं होती. हे सगळे लोक मशीन घ्यायला येत नाहीत, आरशात बघायला येतात. पण आरशात बघून कोणाला इजा होत नाही, म्हणून मी त्यांना हसून सोडून द्यायचे. हसणं ही माझी करमणूक होती. शेजारचा चहावाला आणि मी गिऱ्हाईक रिक्षात बसेपर्यंत कसेबसे दम धरायचो.

चार वर्षांपूर्वी, एप्रिल संपता संपता, बोरिवलीच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी दुकानात आला. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याच्यामागे गोणपाटात गुंडाळलेली मशीन घेऊन एक माणूस उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, काटक, पायात रबरी चपला. तो सोसायटीचा माळी, पंपवाला, नळ बघणारा, नारळ उतरवणारा, सगळं तोच. तो पायरीवरच थांबला.

"मालक कुठे आहेत?" सेक्रेटरीने विचारलं.

"बोला."

"नाही, म्हणजे मशीनचं बघणारं कोणी?"

"मीच बघते."

त्याने दुकानभर नजर फिरवली, जणू कपाटामागे एखादा पुरुष लपून बसला असेल. नजर भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोवर जाऊन थांबली, परत माझ्यावर आली, आणि तो "तुम्ही"वरून "तू"वर उतरला. हे मला नवीन नव्हतं. काही लोकांची जीभ भिंत बघून व्याकरण बदलते.

"हे बघ ताई," तो म्हणाला, "आमच्या कंपाउंडमध्ये एक मोठं रेन ट्री आहे. फांद्या छाटायची परवानगी मी स्वतः महापालिकेतून आणलीय. पावसाच्या आत काम उरकायचंय. या मशीनची धार गेलीय, ती लावून दे. आणि हा बार छोटा आहे. चोवीस इंची टाक."

मी गोणपाट सोडलं. मशीन लहान होती, घरगुती कामाची. सोळा इंची बार, सव्वाआठची चेन. जोडी अगदी बरोबर बसवलेली. चेन फक्त बोथट होती.

"फांद्या किती जाड आहेत?" मी विचारलं.

सेक्रेटरीने हवेत दोन्ही हात पसरले. बाहेरच्या माणसाने पायरीवरूनच एका हाताची वीत दाखवली आणि त्याला चार बोटं जोडली. म्हणजे फुटापेक्षा कमीच.

"मग सोळा इंची भरपूर झाला," मी म्हटलं. "याच्यावर अठरा इंची बार टाकला तरी इंजिन दमेल. चोवीसचं नावच काढू नका."

"ताई, ह्या मशिनीक..." बाहेरचा माणूस बोलायला लागला.

"तू थांब रे," सेक्रेटरी म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "शेजारच्या सोसायटीकडे चोवीस इंची आहे. मी डोळ्यांनी बघितलाय."

"त्यांची मशीन बघितलीत का? ती याच्या दुप्पट असेल."

"मशीन ती मशीन. बार मोठा असला की काम एका फटक्यात होतं. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट! माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं लोखंडाचा भुगा श्वासात घेऊन जे शिकवलं, त्यावर हा माणूस खिशातल्या पेनांच्या जोरावर मत देत होता. मी चेन काढली, गोल कानशीने एकेक दात घासून धार लावली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर दुकानाचं स्टिकर लावलं आणि पिशवी सील केली. मशीनवर बार तसाच ठेवला. सगळं काउंटरवर त्याच्यापुढे सरकवलं.

"चोवीस इंची नाही देत?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे आहे, पण तुम्हाला देणार नाही."

"मग मी दुसरीकडून घेईन."

आणि मी म्हणाले, अगदी गोड आवाजात, "घ्या ना. चोवीस लावा. छान दिसेल तुम्हाला."

त्याला टोमणा कळला की नाही, देव जाणे. तो निघाला. त्या माणसाने गोणपाट परत गुंडाळलं, मशीन खांद्यावर घेतली आणि वळताना माझ्याकडे एकदा बघितलं. तो अजून काही विचारू पाहत होता, हे मला दिसलं होतं. पण मी आधीच चहावाल्याकडे बघून भुवई उडवली होती. रिक्षा वळेपर्यंत आम्ही दोघं हसलो. मी त्याला ते दोन पेनांचं सोंग करून दाखवलं. छान जमलं होतं.

पंधरा दिवसांनी फोन आला. सेक्रेटरीच होता. आवाज आता "तू"वरून परत "तुम्ही"वर चढला होता, आणि त्याखाली काहीतरी शिजत होतं.

"तुमच्या दुकानातून धार लावून घेतलेल्या चेनमुळे आमच्या माणसाला अपघात झालाय. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. येऊन खुलासा द्या, नाहीतर आम्हाला पुढची पावलं उचलावी लागतील."

"काय झालं त्याला?"

"हाताला लागलंय. उजव्या हाताची दोन बोटं."

"लागलंय म्हणजे?"

"तुम्ही या," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी मी आणखी तीन चेनींना धार लावली, आणि तिसरी झाल्यावर कळलं की पहिलीचे दात उलट्या कोनात घासून ठेवलेत. सगळी परत केली.

रविवारी सकाळी वाकोल्याच्या घरून स्कूटर काढली आणि हायवेने बोरिवली गाठलं. सोसायटीच्या ऑफिसात टेबल टेनिसचं टेबल मधोमध होतं, त्याच्याभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या. आठदहा लोक. एका बशीत वेफर्स. मी आत गेले तेव्हा एक गृहस्थ लिफ्टच्या आरशाबद्दल बोलत होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. अपघात दुसऱ्या क्रमांकावर होता, लिफ्टचा आरसा आणि पार्किंग यांच्या मध्ये. मी उभीच राहिले. मला कोणी खुर्ची दिली नाही, आणि दिली असती तरी मी बसले नसते.

शेवटी सेक्रेटरीने घसा साफ केला. "या त्या बाई. यांनी चेनला धार लावली. बिल माझ्याकडे आहे. त्याच चेनने काम करताना चेन निसटली आणि आपल्या माणसाच्या हातावर बसली. सदोष काम आहे, हे उघड आहे."

"मशीन आणा," मी म्हटलं.

"मशीनची गरज काय?"

"आणा."

माझ्या समोरच एक बाई बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका असं नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "आणू दे की. बघायला काय जातंय?" वॉचमन मशीन घेऊन आला. मी टेबलवर वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन ठेवली.

बार चोवीस इंची होता. त्या एवढ्याशा मशीनवर तो लहान पोराने बापाचा बूट घालावा तसा दिसत होता. पट्टीच्या पुढच्या भागावर निळसर काळे डाग पडले होते. तिथवर तेल पोचलंच नव्हतं, लोखंड जळालं होतं. चेन निसटून बाजूला लोंबत होती, आणि तिच्या खालच्या दातांच्या कडा चेचल्या गेल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच मला सगळं दिसलं होतं, पण या लोकांना दाखवायला वेळ लागणार होता.

पर्समधून मोजपट्टी काढली. शिक्षिकाबाईंना म्हटलं, "तुम्ही वाचा. या रिव्हेटपासून या तिसऱ्या रिव्हेटपर्यंत."

त्यांनी चष्मा सरळ केला. "एकोणीस. एकोणीस मिलीमीटर."

"निम्मे?"

"साडेनऊ."

"ही चेन साडेनऊची आहे." मी मशीनचं झाकण दोन नट काढून उघडलं आणि आतलं दातेरी चाक दाखवलं. "हे चाक सव्वाआठच्या चेनसाठी आहे. साडेनऊची चेन यात बसतच नाही, दातांवर चढून राहते. घट्ट ओढून बसवली तर थोडी फिरते. मग उडते. ही उडाली."

"पण तुम्ही धार लावलेली..." सेक्रेटरी म्हणाला.

"मी धार लावलेली चेन कुठे आहे?"

कोणाला माहीत नव्हतं. मी वॉचमनला म्हटलं, "दादा, प्लास्टिकची पिशवी होती, दुकानाचं स्टिकर लावलेली. बघा जरा केबिनमध्ये." तो गेला आणि दोन मिनिटांत परत आला. पिशवी त्याच्या हातात होती. सील तसंच. आत माझी चेन, माझ्या हाताने घासलेली, एकदाही न वापरलेली. जुना सोळा इंची बारही केबिनमध्येच पडला होता म्हणे, छत्र्यांच्या मागे.

मला वाटलं, आता कोणीतरी या माणसाला काहीतरी बोलेल. मी त्या सेक्रेटरीकडे बघत होते. तो घाबरला नव्हता. अशा माणसांना घाबरायचं ठिकाणच ठाऊक नसतं. त्याने खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं आणि शांतपणे म्हणाला,

"यांनीच मला सांगितलं होतं. चोवीस लावा, छान दिसेल, असं. त्यांच्या काउंटरवर. आमचा माणूस साक्षीला होता."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शिक्षिकाबाईंचीही.

"असं म्हणाला होतात?" त्यांनी विचारलं.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "टोमणा मारला होता."

"टोमणा मिनिट्समध्ये कसा लिहिणार?" लिफ्टच्या आरशावाले गृहस्थ म्हणाले, आणि दोघंतिघं हसले. खरोखर हसले. एका माणसाची बोटं गेली होती, आणि यांना शब्दांचा विनोद सुचला. मी तेव्हा त्या सगळ्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या हसण्यात एक आवाज माझ्या ओळखीचा होता. चहावाल्याशेजारी उभं राहून मी असंच हसले होते.

शेवटी त्यांनी ठराव काय केला? "तांत्रिक बाबींत समितीने जाऊ नये, यापुढे झाडाचं काम ठेकेदाराकडून करून घ्यावं." आणि लगेच पार्किंग सुरू झालं. मी मशीनचं झाकण बंद केलं, नट लावले. उघडं टाकून जायची मला सवय नाही.

बाहेर आले तेव्हा शिक्षिकाबाई मागून आल्या. म्हणाल्या, "तो पंपाच्या खोलीमागे राहतो. कालच हॉस्पिटलमधून आलाय. भेटायचं असेल तर या."

खोली म्हणजे पत्र्याचा आडोसा, पण आत लख्ख स्वच्छ. भिंतीला नारळावर चढायचा दोर गुंडाळून टांगलेला. तो खाटेवर बसला होता, उजवा हात पांढऱ्या बँडेजमध्ये. मला बघून उठायला लागला.

"बसा, बसा," मी म्हटलं. "कसे आहात?"

"बरो आसंय." त्याने हाताकडे बघितलं. "दोन गेली. दोन ऱ्हवली आणि आंगठो. डॉक्टर म्हणता, नशीब."

मग त्याने सांगितलं काय झालं ते. सेक्रेटरीने कुठल्यातरी दुकानातून चोवीस इंची बार आणि त्याच्यासोबत जी मिळाली ती चेन आणली. बसवायला सोसायटीतल्या कोणाचा तरी ड्रायव्हर आला. चेन बसेना म्हणून त्याने ती पक्कडीने ओढली. मग खाली सेक्रेटरी मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला उभा राहिला आणि याला शिडीवर चढवलं. पहिली फांदी कशीबशी कापली. दुसरीला बारचं टोक खाली ओढायला लागलं, धूर निघाला, आणि चेन उडाली.

"तुम्हाला कळलं नव्हतं का, चुकीचं आहे ते?"

"माका म्हायत होता," तो म्हणाला. "तीस वर्सां झाडार चढतंय मी. बार मोठो आसा म्हणान मी सायबांका सांगलंय. आयकूक नाय."

"मग का चढलात? नाही म्हणायचं सरळ."

तो जरा हसला. माझ्यावर नाही, पण मला ते माझ्यावरच वाटलं. "नाय म्हटलंय तर दुसरो कोण तरी चढतलो. आणि खोली जातली."

मग, जसं काही सहज आठवलं म्हणून, तो म्हणाला, "त्या दिसा मी तुमका इचारत होतंय. ह्या मशिनीक जास्तीत जास्त कितीचो बार चलता, ता माझ्या समोर नीट सांगा म्हणान. म्हंजे माका बोलूक इला असता. दुकानवाल्या बाईन सांगल्यानी, असां. पण तुमी चोवीस लावा म्हणान हसलात."

त्याच्या घरच्या बाईने काळा चहा दिला. तो मी पूर्ण प्यायले, गरम असतानाच, जीभ भाजली तरी.

लोक म्हणतील, तुझी काय चूक? तू तर विकला नाहीस. नाही विकला. सेक्रेटरीबद्दल माझं मत आजही तेच आहे: नालायक माणूस, व्हिडिओसाठी दुसऱ्याचा हात पणाला लावणारा. पण मशीन खांद्यावर घेऊन कोण उभं आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. इस्त्रीच्या शर्टाला टोमणा मारण्यात मला इतकी मजा आली की रबरी चपलांकडे बघायचं राहून गेलं. ज्याला टोमणा मारला त्याच्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नाही. लागलं ते दुसऱ्याला. त्या दिवसानंतर मला स्वतःच्या हुशारीचाही कंटाळा आला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही.

घरी येऊन मी एक कागद लिहिला. मशीन कोणती, तिला कोणती चेन चालते, कोणती बसवली होती, बारचं टोक का जळालं, चेन का उडाली, आणि धार लावलेली चेन सीलबंद सापडली हेही. खाली लिहिलं की चोवीस इंची बार लावू नका असं मी सांगितलं होतं, आणि जाताना चेष्टेने लावा असंही म्हटलं होतं. दोन्ही लिहिलं. एकच लिहिलं असतं तर त्या सेक्रेटरीत आणि माझ्यात काय फरक राहिला असता? दुकानाचा शिक्का मारला आणि कागद शिक्षिकाबाईंना नेऊन दिला. त्या बाईने पुढच्या चार मीटिंगा कोणाला लिफ्टच्या आरशाबद्दल बोलू दिलं नाही. शेवटी सोसायटीने हॉस्पिटलचा आणि पुढच्या उपचाराचा खर्च उचलला. सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत परत निवडून आला, बिनविरोध. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. त्या खुर्चीत बसायची दुसऱ्या कोणाला हौसच नसेल.

तो माणूस मात्र तिथे राहिला नाही. त्याचा मावसभाऊ मढला एका बंगल्याची देखभाल करायचा. बंगला शूटिंगला भाड्याने जायचा, आवार मोठं, नारळ आणि आंबे. भावाला गावी परत जायचं होतं, ती जागा याने घेतली.

पुढच्या वर्षी जानेवारीत तो दुकानात आला, एकटाच, हातात कापडी पिशवी. पायरीवर थांबला नाही, थेट काउंटरला आला. पिशवीतून एक छोटी मशीन काढली. बंगल्याच्या मालकाची होती, चौदा इंची बार.

"चेन व्हयी," तो म्हणाला. "बावन्न कड्यांची. मी मोजलंय."

मी तरीही मोजल्या. बावन्नच होत्या. पिच घेतला, कडीची जाडी म्हणजे गेज घेतला, आतलं चाक तपासलं. त्याला समोर बसवून सगळं दाखवलं, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: या मशीनला सोळा इंचांच्या वर बार नको, याच पिचची चेन. खाली दुकानाचं नाव. "कोणी काही म्हणालं तर हा दाखवा," मी म्हटलं. त्याने कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. तीन बोटांनी त्याला ती घडी घालायला जरा वेळ लागला. मी मदत केली नाही, त्याला नको होती.

"तिकडे कसं आहे?" मी विचारलं.

"झकास आसा. मालक वर्साक दोनदा येता. शूटिंगवाले येतत." तो हसला. "गेल्या म्हयन्यात एक जंगलाचो सीन होतो. हिरोच्या हातात द्यायला माझी मशीन मागल्यानी. बगून म्हणतत, ही लय बारकी, मोठो बार नाय?"

"मग?"

"मी म्हटलंय, मोठो लावलो तर खरोच कापूक जमाचो नाय. तर म्हणतत, कापायचा कोणाक आसा? चेन काढून टाक, नुसतो बार दिसूक व्हयो. मग पुठ्ठ्याचो एक केल्यानी, चंदेरी रंग देऊन. तीन फूट!"

मी हसले. या वेळी तोही हसत होता, म्हणून हसले. मग म्हटलं, "निदान त्यांनी पुठ्ठ्याचा केला."

"व्हय," तो म्हणाला. "अक्कल आसा तेंका."

मी नवी चेन मशीनवर चढवली, ताण बघितला, हाताने दोनदा फिरवून दाखवली. त्याने स्वतः एकदा फिरवून बघितली, मान हलवली, आणि मशीन पिशवीत घालून बसस्टॉपकडे गेला. वर्सोव्याच्या जेट्टीवरून मढची लाँच चारला सुटायची होती, आणि तिथपर्यंतच्या ट्रॅफिकवर त्याचा माझ्यापेक्षाही कमी विश्वास होता.